डोहाला बोट लावलं नाही

"आदी माज्या मानंवर फिरीव तुजी ती मशीन, मग झाडावर फिरीव!"

ओढ्याच्या काठावर वाळुंजीच्या बुंध्याला पाठ लावून आक्का फतकल मारून बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, अंगावर मांस म्हणून नाही. पण आवाज असा, की पलीकडच्या माळावर चरणारी गुरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. समोर लाकूडवाल्या हंबीररावाची माणसं झाडं कापायची कटर हातात घेऊन ताटकळत उभी होती. खुद्द हंबीरराव उचगावाकडचा गडी. तो गाडीला टेकून तंबाखू मळत होता. असली म्हातारी माणसं त्याला गावोगाव भेटत. त्याला घाई नव्हती.

घाई होती ती गुंडूला. आक्काचा तो एकुलता लेक. पन्नाशी ओलांडलेला, झुबकेदार मिश्यांचा, अंगानं दणकट आणि डोक्यानं हट्टी. आईला अख्ख्या वाळुंजवाडीसारखं तोही आक्काच म्हणायचा.

"आक्का, ऊठ की गं. मानसं खोळंबल्यात."

"खोळंबू देत. ह्या झाडाखाली तुला पाळन्यात घालून मी भांगलान केलीया. तवा ग्वाड लागत हुती व्हय रं सावली?"

"तवा लागत हुती. आता वसवा लागतोय. काठाच्या सऱ्यांत ऊस कमरंच्या वर जात न्हाय, ते बगतीस न्हवं? आन् झाडीत गवं बसत्यात दिवसभर. दिस मावाळला की हायतच रानात. कुनासाठी पिकवायचं मी? गव्यांसाठी?"

गुंडूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याचं रान होतं आणि त्या रानाच्या मधनं ओढा वाहायचा. दोन्ही काठांना जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज अशी आज्या-पणज्याच्या काळातली झाडं एकमेकांत हात घालून उभी होती. भर दुपारी ओढ्यात उतरलं तरी अंगावर काटा यायचा, इतकी गच्च सावली. माणसाला ती बरी, पण पिकाला झाडाचा वसवा पडला की पीक मान टाकतं. त्यात गव्यांचे कळप. फटाके वाजवून आणि रात्री जागून गुंडू विटून गेला होता. झाडं आपल्या मालकीची, रान आपलं, रीतसर परवानगी काढलेली. मग आडकाठी कसली?

आडकाठी होती ती डोहाची.

झाडीच्या खालच्या बाजूला ओढा खडकावरून घसरत उतरायचा आणि एका खोल डोहात पडायचा. त्याला मावलीचा डोह म्हणत. डोहात खडस मासे होते, हातभर लांबीचे, अंगावर रुपयाएवढे खवले. ते मावलीची लेकरं, म्हणून वाडीतल्या कुणी त्यांना गळ लावला नव्हता की जाळं. एखादा मासा मरून तरंगला, तर त्याला फडक्यात गुंडाळून काठावर पुरायची पद्धत होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, वाळुंजवाडीत मेल्या माणसाचा दहाव्याचा घास कावळ्याला ठेवत नसत. तो डोहात सोडत. खडस वर आला, त्यानं भात ओढला, पाण्यात 'चुळुक' असा आवाज झाला, की माणूस सुटला म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं.

आक्काची थोरली पोरगी शेवंता. आठ-नऊ वर्षांची असताना तापानं गेली. गुंडू तेव्हा रांगत होता. दिवसभर शेवंताच्या कडेवर असायचा म्हणे. तिचा घास सोडला, तेव्हा भात पाण्याला लागायच्या आत एक खडस उसळी मारून वर आला आणि सगळा घास घेऊन खाली गेला. आक्कानं ते डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी शेवंता मेलेली नव्हती. शेवंता डोहात नांदत होती. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही, की आक्का मूठभर भात घेऊन डोहावर गेली नाही. मासा काही पन्नास वर्षं जगत नसतो, हे तिलाही कळत होतं. कुणी चेष्टेनं विचारलंच, तर म्हणायची, "आता शेवंतीला नातवंडं झाली आसतील की. त्यास्नी घालतीया." बोलताना ती अशी काही हसायची, की पुढं चेष्टा करायची विचारणाऱ्याला लाज वाटावी.

आता नजर गेली होती, तरी काठी टेकत ती जायचीच. डोहाच्या काठच्या सपाट दगडावर बसायची, दोन्ही पाय पाण्यात सोडायची, भात सोडायची आणि चुळुक-चुळुक ऐकत राहायची. बारकी मासळी तिच्या भेगाळल्या टाचा कुरतडायची. गुदगुल्या व्हायच्या आणि म्हातारी पोरीसारखी हसायची.

"हे बग आक्का," गुंडू शेवटी तिच्यासमोर उकिडवा बसला. "डोहाचं नाव बी मी काडत न्हाय. डोहाच्या काठाचं एक पान तोडायचं न्हाय. ही वरची झाडं तेवडी न्यायची. तुजी शेवंता खाली, झाडं वर. तिचा आन् ह्यांचा काय समंद?"

"शपथ घे."

गुंडू तडक खाली गेला. ओंजळ भरून डोहाचं पाणी घेऊन आला आणि ते आक्काच्या पायावर सोडून सगळ्यांसमोर म्हणाला, "मावलीची आन. डोहाला मी बोट लावनार न्हाय, कुनाला लावू देनार न्हाय."

आक्कानं ओल्या पायावरून हात फिरवला. मग काठी शोधत उठली. वाळुंजीच्या खोडावर तिनं तळहात ठेवला, तो जरा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाली, "शेवंतीच्या अंगावर ऊन पडू द्यू नको बग, गुंड्या."

गुंडू हसला. माशाला कसलं आलंय ऊन!

तोड सुरू झाली. कटरचा आवाज डोंगरात घुमायला लागला आणि उभ्या जन्मात बिऱ्हाड न हलवलेले पक्षी कलकलाट करत वाडीवरून फिरायला लागले. झाडं पडली, फांद्या छाटल्या, ओंडके तयार झाले. आता ते सडकेपर्यंत न्यायचे कुठून, हा प्रश्न आला.

"रानातनं ट्रॅक्टर घालूया," हंबीरराव म्हणाला.

"आनि माजी उसाची लागन काय तुडवतासा? न्हाय जमायचं, पावणं. ओढ्यातनं काडा की! पानी घोट्याएवडं बी न्हाय. सरळ वाट हाय सडकंपत्तोर."

ही वाट गुंडूनंच दाखवली. पुढं त्याला झोपेतही स्वतःचंच हे बोलणं ऐकू यायचं.

साखळीला बांधलेले ओंडके ट्रॅक्टरनं ओढ्याच्या पात्रातून फरफटत नेले. गोटे उलथे झाले, वाळू ढवळली गेली, काठ ढासळले. साली, पाला, फांद्या आणि भुसा सगळं तिथंच पडलं. डोंगराच्या उतारावर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या. गुंडूचं तिकडं ध्यान नव्हतं. तो डोहावर काठी घेऊन राखणीला बसला होता. एका मजुरानं दोरीला आकडा बांधून पाण्यात टाकल्याचं दिसताच त्यानं त्याला शिवारभर पळवला.

त्याचा लहानपणापासूनचा सोबती गणपती कांबळे बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "गुंडोपंत, लईच कडक कारभार!"

"आन घेतलीया," गुंडूनं मिशीवरून हात फिरवला. "डोहातला एक खवला हलला न्हाय."

आणि ते खरं होतं. हंबीरराव लाकडं घेऊन गेला, तेव्हा डोहातले मासे होते तसे होते.

चैत्र आला. ओढ्यावर कधी नव्हे ते ऊन उतरलं. सकाळी पडलं की दिवस मावळेपर्यंत पाण्यावरच. वरून येणारी धार आटली, जी उरली ती कोमट. पात्रात कुजलेल्या सालींनी पाण्याला चहासारखा रंग आला आणि डोहावर हिरवा तवंग धरला.

"पानी कोमट लागतंय रं," आक्का म्हणाली.

"उनाळा हाय गं."

"उनाळं काय आदी न्हवतं? पोरं वर येत्यात, पर खाईत न्हाईत. तोंडानं नुस्तं फप् फप् करत्यात."

"पोट भरलं आसंल."

त्या दिवशी आक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय पाण्यात सोडून बसली.

वैशाखात तिला ताप भरला. अंथरूण धरलं. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी आभाळ काळवंडून वळीव कोसळला. गारांसकट, ढेकळं फोडणारा. दरवर्षी वळीव यायचा आणि झाडीत मुरायचा; ओढा जरा गढूळ व्हायचा, एवढंच. ह्या खेपेला त्याला अडवायला काही नव्हतं. उघड्या बोडक्या उतारावरून, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून तांबडा लोट धावत आला, ओढ्यात पडलेला सगळा पाला-भुसा घेऊन खडकावरून उतरला आणि डोहात जाऊन बसला.

पाऊस थांबल्यावर गुंडू डोहावर गेला. डोह नव्हताच. गुऱ्हाळातल्यासारखी तांबड्या चिखलाची काहील होती आणि तिच्यात मासे. एकेका जागी दहा-दहा तोंडं वर काढून, आ वासून हवा ओढत होते. खवल्यांवर चिखल, डोळ्यांवर चिखल.

"गणपा! आरं गणपा! बायडा! घागरी आना! भांडी आना!"

वाडी धावली. बायका हंडे-कळश्या घेऊन आल्या. जन्मात ज्यांनी ह्या माशांना हात लावला नव्हता, ती माणसं हात जोडून "मावली, माफ कर" म्हणत त्यांना उचलायला लागली. नेऊन टाकायचे कुठं? गुंडूला काही सुचेना. त्याला त्याची विहीर आठवली.

"माज्या हिरीत टाका! मोटं पानी हाय, पार काळंभोर. जगतील. जगतील तितं."

सगळे त्याचं ऐकून विहिरीकडं धावले. गणपतीनं जाता-येता एकदा म्हटलं, "गुंडू, ही पळत्या पान्याची जात. हिरीचं पानी दबून बसल्यालं आसतंय." पण म्हणतानाही त्याच्या दोन्ही हातांत घागर होती, आणि दुसरी जागा त्यालाही ठाऊक नव्हती. अंधार पडेपर्यंत माणसं वाहत होती. घरी आल्यावर गुंडूनं आक्काच्या उशाशी बसून तिचं अंग पुसलं. ती तापात पुटपुटत होती, "पाऊस झाला व्हय रं? पोरीस्नी भात घातलास?"

"घातला, आक्का."

सकाळी विहिरीवर पांढरं दिसलं. लांबून गुंडूला वाटलं, फुलं पडलीत कसली तरी. जवळ गेला, तर पोटं होती. सगळी वर केलेली.

तो पाटी घेऊन विहिरीत उतरला. एकेक मासा उचलून पाटीत ठेवायला लागला. वर गणपती दोर ओढत होता. शेवटची पाटी वर गेली, तरी गुंडू पायरीवर तसाच बसून राहिला. गणपतीनं खाली उतरून त्याला दंडाला धरून वर आणला.

डोहाच्या काठावर मोठा खड्डा काढला. एकाला एक फडकं कुठनं पुरणार? गुंडूची बायको बायडाबाई घरी गेली आणि ट्रंकेतली इरकल घेऊन आली. लग्नात सासूनं नेसवलेली, हिरवीगार. तिनं ती खड्ड्यात अंथरली. मासे त्यावर ठेवले, उरलेला पदर वरून घातला. माती लोटताना बायका मोठ्यानं रडल्या, घरातलं लहान मूल गेल्यावर रडतात तशा. गुंडू रडला नाही. तो नुसता खड्ड्याकडं बघत उभा होता.

"आत्तींना काय सांगायचं?" परतताना बायडाबाईनं विचारलं.

"काय बी सांगायचं न्हाय."

"आवं, पर उटल्या की डोहाव जानार त्या."

"जाऊ दे. दिसतंय कुटं तिला?"

मिरगाच्या आसपास आक्का उठली. पावसानं वरचा चिखल थोडा वाहून गेला होता, डोहात पाणी दिसत होतं. त्यात जीव तेवढा नव्हता. उठल्या उठल्या आक्कानं भात मागितला, काठी मागितली. बायडाबाईनं तिला हाताला धरून आणलं आणि सपाट दगडावर बसवलं. आक्कानं पाय पाण्यात सोडले. मुठीतला भात सोडला आणि मान वाकडी करून कान दिला.

आवाज झाला नाही.

आक्काचा चेहरा बदलायला लागला. बायडाबाईला ते बघवेना. तिनं पाठीमागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं. गुंडूनं धोतर वर खोचलं, पायांचा आवाज न करता दगडाच्या आडून डोहात उतरला आणि दोन बोटांनी पाणी टिचकावलं. चुळुक.

थोडं थांबून पुन्हा. चुळुक. चुळुक.

"आली बया," आक्का म्हणाली. "आली माजी."

त्या दिवसापासून हा क्रम सुरू झाला. वाडीत ज्याच्या आवाजाला गडीमाणसं दबून असत, तो मिशीवाला बाप्या रोज सकाळी मांडीभर पाण्यात उतरून मासा व्हायचा. दुधाची घागर डेअरीत देऊन तडक यायचा. आधी लांब उभा राहायचा, मग हळूहळू जवळ सरकला. कारण आक्का भात सोडता सोडता बोलायची आणि ते ऐकल्याशिवाय त्याच्यानं राहवत नव्हतं.

"शेवंते, काल बायडाच्या हातची कोरड्यास लई चांगलं झालतं बग. तुला आनाय पायजे हुतं. पर म्हटलं, तिकट सोसंना झालं तर?"

चुळुक.

"गुंड्याचं दुकतंय काय तरी. जेवत न्हाय. विचारलं तर वसकन आंगाव येतोय. तूच बग बाई. तुज्या कडंवर वाडलंय ते. तू गेलीस तवा चार रोज दूद पीत न्हवतं, नुस्तं दाराकडं बगायचं."

हे गुंडूला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं पाण्यात बोट बुडवलं आणि ते तसंच राहिलं, टिचकावायचं विसरला.

"भाऊ चांगला हाय गं तुजा. हट्टी हाय, पर शब्द पाळतोय. डोहाला बोट लावलं न्हाय बग त्येनं."

गुंडूनं तोंडावर तळहात दाबला. खांदे हलायला लागले, तेव्हा तो तसाच पाण्यात खाली बसला, गळ्यापर्यंत.

श्रावणात ओढा भरून वाहायला लागला. दरसाल ह्या दिवसांत खडस डोहातून वर चढायचे. खडकाच्या बाजूच्या चिंचोळ्या धारेतून उड्या मारत वाळुंजीच्या सावलीत जायचे, तिथल्या स्वच्छ गोट्यांत अंडी घालायचे. अख्खी वाडी छत्र्या घेऊन ते बघायला जमायची. गुंडूनंही ते लहानपणापासून बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. पण झाडं तोडताना ते कुणाच्याच मनात आलं नाही. डोहाला जपलं की झालं, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आता गुंडू एकटाच वर गेला. ओढ्यात पाय टाकला. पूर्वी तळव्याला गोटे टोचायचे. आता पाय घोट्यापर्यंत मऊ चिखलात गेला. खाली गोटे असतील, गाडलेले. त्या चिखलात कुठलं अंडं जगणार? वर बघितलं, तर नुसतं आभाळ. मुळं गेली तसा काठ तुटला होता आणि ज्या सऱ्यांचा वसवा घालवायचा होता, त्या उसासकट ओढ्यात गेल्या होत्या. राहिलेल्या उसात भरदिवसा गवे उभे होते. त्यानं त्यांना हाकललंही नाही.

दिवाळी झाली, थंडी उतरली. एका सकाळी आक्कानं भात सोडला. गुंडूनं सवयीनं पाणी टिचकावलं.

"गुंड्या," आक्का म्हणाली, "भाईर ये. पानी गार झालंय."

गुंडूची दोन बोटं पाण्यातच राहिली.

"आरं ये. न्हाय तर खोकत बसशील."

तो बाहेर आला. ओल्या धोतरानं तिच्या शेजारी दगडावर बसला. शेवटी म्हणाला, "कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या दिसापास्नं. पाय पान्यातच हुतं की रं माजं. एकानं बी तोंड लावलं न्हाय."

एवढ्या दिवसांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आवाज करता येतो, पण म्हातारीच्या टाचेला गुदगुल्या कुठनं आणायच्या?

"मग बोलली का न्हाईस? रोज भात घिऊन येत हुतीस. कुनासाठी?"

"तुज्यासाठी." आक्कानं चाचपडत त्याचा हात धरला. "लगीन झाल्यापास्नं कवा बसलास माज्याजवळ? सकाळी रान, सांजचं रान. हितं तू रोज याचास. माजं समदं बोलनं आयकायचास. म्हटलं, बोलून दाकीवलं तर उद्या यायचा न्हाय. लबाडी केली मी बी."

"आक्का, मी डोहाला बोट लावलं न्हाय गं. तुज्या गळ्याची आन."

"ठावं हाय. बोट न लावताच गेली माजी पोरगी. दुसऱ्यांदा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गुंडूला सोसला असता. तो लहान पोरासारखा तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला आणि ती आपल्या वाळक्या हातानं त्याचे ओले केस मागं सारत राहिली. उरलेला भात तिच्या मुठीतच राहिला होता. घरी जाताना तिनं तो पदराला बांधून घेतला.

नंतर ती डोहावर गेली नाही. "पाय दुकत्यात" म्हणाली. गुंडू सकाळी तिच्या अंथरुणाशी बसायला लागला. मार्गशीर्षात एका पहाटे ती गेली. पदराच्या टोकाला वाळलेल्या भाताची गाठ तशीच होती.

दहाव्याला सगळी वाडी डोहावर जमली. बायडाबाईनं आक्काला आवडायचं ते कोरड्यास केलं होतं, भात केला होता. पानावर घास घेऊन गुंडू काठाला वाकला आणि पाण्यात सोडला. भात थोडा तरंगला आणि संथ पाण्यातून एकेक शीत खाली जायला लागलं.

माणसं बघत उभी राहिली. ऊन चढलं.

"काय तरी मनात ऱ्हायलं आसंल म्हातारीच्या," एकजण म्हणाला. "गुंडू, शब्द दे."

"आक्का, झाडं लावतो," गुंडू म्हणाला. "वाळुंज लावतो, उंबर लावतो. दोनी काटांनी. ऊस मागं घेतो."

पाणी हललं नाही.

"बायडाला सांबाळतो."

पाणी हललं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं, की हलणार नाही. पण पद्धत पद्धत असते, घास उचलल्याशिवाय माणूस सुटत नाही आणि सुटल्याशिवाय कुणी घरी जाऊन जेवत नाही. बायका पदर तोंडाला लावून मुसमुसायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं हळूच सुचवलं, "कावळ्याला ठिऊया का?"

गुंडू पाण्यात उतरला. सगळ्यांसमोर. मांडीभर पाण्यात जाऊन उभा राहिला, वाकला आणि जिथं भात बुडाला होता, तिथं दोन बोटांनी पाणी टिचकावलं.

चुळुक.

कुणी हसलं नाही, कुणी "हे काय" म्हटलं नाही. मग मागून गणपतीचा आवाज आला. त्याच्या घरात दहावं-तेरावं कधीच सोडून दिलेलं, घासाची वाट बघायची त्याला गरज नव्हती. तरी सकाळपासून तो उन्हात उभा होता.

"घेतला की," गणपती मोठ्यानं म्हणाला. "आयकू आलं न्हवं? घेतला घास. चला आता."

"व्हय, घेतला," आणखी कुणी म्हणालं. "घेतला, घेतला," म्हणत माणसं एकेक करून पाठ फिरवायला लागली. बायडाबाईनं नवऱ्याला हाक मारली, "आवं, या की वर." तो आला नाही. गणपतीनं तिला खुणेनं थांबवलं आणि वाडीकडं नेलं.

गुंडू डोहात एकटा उभा राहिला. पाणी निवळलं, तशी त्याला आपली पावलं दिसायला लागली. त्यानं ती जराही हलवली नाही. एखादा बारका जीव, वरच्या कुठल्या तरी फटीत राहिलेला, चुकून येईल. टाचेला एकदा तोंड लावील. एवढ्यासाठी तो थांबला. ऊन कललं, डोंगराची सावली डोहावर आली, पाणी बर्फागत झालं आणि पाय बधिर झाले, तरी तो उभाच होता.

त्याच्या पायाला कुणी तोंड लावलं नाही.